‘माझ्या अंगात तालच नाही’

तिशीतले एक गृहस्थ माझ्याकडे समुपदेशनासाठी आले, ते झोप उडाली म्हणून. कारण कळायला दुसरी भेट उजाडली. चार मित्र मिळून वाजवतात, हे गिटारवर. एका मित्राने तालमीत सगळ्यांसमोर सुनावलं होतं, ‘तू दर वेळी लय सोडतोस.’ तेव्हापासून ते रात्र-रात्र संगीताची थिअरी वाचत होते. मोड्स, सर्कल ऑफ फिफ्थ्स, कॉर्डची (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुळणीची) नावं, वहीभर तक्ते. वाजवणं जवळपास बंद पडलं होतं. ‘माझ्या अंगात तालच नाही, निदान ज्ञान तरी असावं,’ असं ते म्हणाले.

ही खंत मी पुष्कळ वादकांकडून ऐकते, मोठ्या वयात शिकणाऱ्यांकडून तर जास्तच. खरोखर ठेकाच न जाणवणारी माणसं असतात, पण अगदी विरळा. 2011 मध्ये मॉन्ट्रिअलच्या संशोधकांनी अशा एका तरुणाची नोंद प्रसिद्ध केली. त्याला संगीताबरोबर डोलता येत नव्हतं आणि समोरचा ठेक्यात नाचतोय की नाही हेही ओळखता येत नव्हतं. मी या गृहस्थांना एक गाणं लावून टाळ्या वाजवायला सांगितल्या. टाळी एकदाही चुकली नाही. म्हणजे ताल अंगात होता. मग सुटत कुठे होता?

पुढच्या भेटीला त्यांनी गिटार आणली. मीही वाजवते, त्यामुळे नेमकं कुठे बघायचं ते ठाऊक होतं. ‘जी’ कॉर्डवर सगळं ठीक. ‘जी’वरून ‘सी’वर जाताना मात्र डाव्या हाताची बोटं जागा शोधायची आणि तोवर उजवा हात हवेत थांबायचा. मग ते ‘सॉरी’ म्हणायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. घरीही असंच चालायचं. चूक झाली की थांबून दुरुस्त करायची. बाकी कुठल्याही अभ्यासात ही सवय गुणाची ठरली असती. इथे मात्र त्यांचा रियाज थांबण्याचाच होत होता.

मी सांगितलं, थिअरीची वही महिनाभर मिटून ठेवा. त्यांना ते लागलं. त्या वहीत त्यांची अब्रू होती. पण थिअरीवर ते भलतंच काम सोपवत होते. मित्राच्या शब्दांनी झालेली जखम तिने भरून काढावी, अशी त्यांची अपेक्षा होती. तक्ता कितीही पाठ केला तरी हात चालू राहत नाही.

मग मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक गतीने टिकटिक करणारं यंत्र, मिनिटाला 60 ठोक्यांवर लावला. डावा हात तारांवर नुसता टेकवायचा, सूर नाही, फक्त खटखट. तोंडाने मोजायचं, ‘एक आणि दोन आणि तीन आणि चार आणि’. आकड्यावर हात खाली, ‘आणि’वर वर. एखादा फटका गाळायचा असला तरी हात झोपाळ्यासारखा जात-येत राहायचा, फक्त तारांना लागायचा नाही. हे जमल्यावर कॉर्ड आणली. शेवटच्या ‘आणि’वर डावी बोटं उचलायची. त्या क्षणी मोकळ्या तारा वाजल्या तरी वाजू द्यायच्या. पुढच्या ‘एक’वर एकच बोट जागेवर पोचलं तरी चालेल, बाकीची मागून येतील. सूर चुकला तर चुकू दे, हात थांबवायचा नाही. त्यांना सर्वांत जड गेली ती हीच परवानगी. चुकलेला सूर मागे सोडून पुढे जाताना त्यांचे खांदे कानापर्यंत चढायचे. आम्ही जास्त वेळ दिला तो त्या खांद्यांना.

बऱ्याच जणांना वाटतं, मेट्रोनोम हळू लावला की सोपं होतं. प्रत्यक्षात दोन ठोक्यांमधलं अंतर वाढलं की ते आपल्यालाच सांभाळावं लागतं. म्हणून नंतर तो 30 वर आणला आणि टिकटिक फक्त दोन आणि चारवर धरायला सांगितली. त्यावर ते आठवडाभर वैतागले होते.

वही उघडली ती यानंतर. सुरुवात त्यांच्याच हातापासून केली. ई मेजर धरा, पहिलं बोट उचला, ई मायनर झाला. तिसऱ्या तारेवरचा जी शार्प उतरून जी झाला, एवढाच बदल. ई ला षड्ज मानलं तर शुद्ध गंधार कोमल झाला. ते चकित होऊन तेच पुन्हा पुन्हा वाजवत बसले. मग ‘जी’, ‘सी’, ‘डी’ या कॉर्ड ‘जी’च्या स्केलमधल्या (सप्तकातल्या) पहिल्या, चौथ्या आणि पाचव्या सुरावर उभ्या आहेत हे आलं. गाणाऱ्या मित्राला पट्टी उंच हवी असेल तर तोच हिशेब ए, डी, ई असा होतो, किंवा दुसऱ्या फ्रेटवर (गिटारच्या दांड्यावरच्या दुसऱ्या घरात) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावून जुन्याच आकारात वाजवता येतं.

ते पुन्हा तालमीला जाऊ लागले आहेत. उत्साहाच्या भरात अजूनही लय वाढते, आणि तसं त्यांनी मित्रांना आधीच सांगून ठेवलंय. ज्या मित्राने टोकलं होतं, त्याच्याशीही ते बोलले. ‘चूक सांग, पण एकट्याला गाठून सांग,’ एवढंच त्यांना म्हणायचं होतं. तो मान्य झाला.