जाताना सहा तास, येताना चोवीस तास?

प्रश्न : भाऊ न्यू जर्सीला असतो, त्याच्याकडे मी आणि आई जुलैमध्ये जाणार आहोत. मुंबई-न्यूयॉर्क नॉनस्टॉप तिकिटावर निघायची वेळ रात्री 1 आणि पोचायची त्याच दिवशी सकाळी 7 आहे, परतीला दुपारी 12 ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी 12 ला मुंबई. म्हणजे जाताना सहा तास आणि येताना चोवीस? आईचं वय 74, तिला नक्की किती तास बसावं लागेल? आमच्या शेजारचे काका म्हणतात पृथ्वी फिरते म्हणून फरक पडतो. – एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं, म्हणून जाताना 6 मध्ये साडेनऊ मिळवा, साडेपंधरा तास झाले, आणि येताना 24 मधून साडेनऊ वजा करा, साडेचौदा. फरक पाठ नसेल तर तिकिटावरचे दोन्ही आकडे मिळवून निम्मे करा, 30 चे 15, एका बाजूची सरासरी मिळते. मात्र हिवाळ्यात तिथली घड्याळं एक तास मागे जातात, तेव्हा जाणं-येणं वेगवेगळ्या मोसमात असेल तर हा हिशेब थोडा चुकतो.

आता तो एक तासाचा फरक. काकांना सांगा, पृथ्वीबरोबर हवाही फिरते, त्यामुळे नुसत्या फिरण्याने विमानाला फायदा नाही. फरक पडतो तो जेट स्ट्रीममुळे, दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वारा, कधी कधी ताशी 200 किलोमीटरच्याही वर. येताना तो पाठीमागून ढकलतो, जाताना समोरून अडवतो. 2016 मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को फ्लाइट अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली, अंतर सुमारे चौदाशे किलोमीटरने वाढून 15 हजारांच्या पुढे गेलं तरी वेळ कमी लागला, कारण वारा पाठीशी! मला तर हे उदाहरण फार आवडतं, नुसतं अंतर बघून वेळ ठरवता येत नाही हे यातून लगेच कळतं.

मुंबई-न्यूयॉर्क सरळ अंतर सुमारे 12,550 किलोमीटर. घरात पृथ्वीचा गोल असेल तर दोन्ही शहरांवर दोरा ताणून बघा, तो नॉर्वे, आइसलँड आणि ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाजवळून जातो, सपाट नकाशावर हे कधीच पटत नाही. पण विमान त्या दोऱ्यावरूनच जाईल असं नाही, एप्रिल 2025 पासून पाकिस्तानची हवाई हद्द भारतीय विमानांना बंद झाली आणि वळसे वाढले, म्हणून त्याच दोन शहरांसाठी कंपनीप्रमाणे वेळ वेगळी दिसते.

आईंना सोळा तास धरूनच सांगा. शिवाय विमानतळावरचे तीन-चार तास वेगळे. त्यांच्यासाठी मधल्या वाटेच्या बाजूची सीट आत्ताच बुक करा, म्हणजे दर दोन तासांनी उठून चालताना कुणाला उठवावं लागणार नाही, आणि व्हीलचेअर हवी असेल तर तीही आधीच कळवा.