क्रेनचं नंतर बघू, आधी तळाचं बोला

कणांच्या एकाच झोतावर (बीमवर) त्यांच्या टकरी टिपणारी दोन अवजड यंत्रं, म्हणजे डिटेक्टर, आळीपाळीने आणायचे तर जमिनीखालच्या हॉलला किती टनांची क्रेन लागेल, असं तुम्ही विचारलंय. आमच्या सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतली मशीन शिफ्टिंगवाली मंडळीही पहिल्यांदा क्रेनच काढतात आणि मला दर वेळी चीड येते. डिटेक्टर उचलायचा नसतोच, सरकवायचा असतो!

जपानसाठी आखलेल्या आयएलसीचा, म्हणजे इंटरनॅशनल लिनिअर कोलायडर या कण-टकरीच्या यंत्राचा आराखडा घ्या. आयएलडी आणि एसआयडी हे दोन्ही डिटेक्टर दहा हजार टनांच्या घरातले किंवा त्याहून जड. प्रत्येकाखाली साधारण 20 बाय 20 मीटरचा, दोन मीटरहून जाड काँक्रीटचा प्लॅटफॉर्म. तो वाकला की योकच्या (चुंबकाभोवतालच्या लोखंडी कवचाच्या) चकत्या एकमेकींवर घासणार, आतला कणांचा माग काढणारा ट्रॅकर हलणार, जाडी त्यासाठी. खाली रोलर किंवा एअर पॅड, म्हणजे दाबाच्या हवेवर ओझं तरंगवणाऱ्या गाद्या. एअर पॅडवर वजनाच्या एखाद टक्का ओढ पुरते, म्हणजे 10,000 टनांना 100 टन. पण फरशीचा एक सांधा उघडा राहिला तरी तिथून हवा गळते, तो पॅड बसतो आणि भार शेजारच्या पॅडांवर जातो. म्हणून सांधे भरून, घासून सपाट करायचेच. ओढण्याइतकंच रोखणंही महत्त्वाचं. युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेत सीएमएस या डिटेक्टरच्या हॉलला कणांच्या बोगद्याबरोबर सव्वा टक्क्याच्या आसपास उतार आहे. तिथे हवेवर उचललेला तुकडा मोकळा सोडला तर आपला आपण निघेल.

जड उचल जमिनीवरून करतात. सीएमएस वर जोडून 15 तुकड्यांत खाली सोडला. फेब्रुवारी 2007 मध्ये उतरवलेला सर्वांत जड तुकडा जवळपास 2,000 टनांचा, खोली 100 मीटर, शाफ्टच्या (उभ्या विवराच्या) भिंतीपासून मोकळी जागा वीतभर. त्यासाठी वर उभारलेली गॅन्ट्री, म्हणजे उचलीची चौकट, भाड्याची, हायड्रॉलिक जॅकची. काम झालं, गॅन्ट्री गेली. खालच्या क्रेनला उरतात ते सुटे भाग.

केबल आणि चुंबक थंड ठेवणाऱ्या हीलियमच्या नळ्या मात्र दर वेळी सोडत बसू नका. त्या केबल चेनमधून, म्हणजे केबल वाहणाऱ्या लवचीक साखळीतून, डिटेक्टरबरोबरच फिरल्या पाहिजेत, नाहीतर अदलाबदलीला दिवसांऐवजी महिने जातील. जागेवर आल्यावर डिटेक्टर मिलिमीटरभरात बसला पाहिजे; बीमची उंची तर काही नॅनोमीटरच असते, ती बारीक जुळवणी त्यापुढची. बाजूला उभ्या डिटेक्टरवर माणसं काम करणार, म्हणून बीमपासून 15 मीटरवर चालू डिटेक्टरचं चुंबकीय क्षेत्र 50 गाऊसच्या आत.

हे सगळं तळ पक्का असेल तरच. आपल्याकडे काळ्या पाषाणाखाली मांजऱ्या, म्हणजे मऊ, भोकाभोकांचा खडक, लागतो हे विहीर खणणारा कुणीही सांगेल, आणि खोदाईनंतर वरचं ओझं गेलं की तळ थोडा वर येतोच. आधी बोअर घ्या, मग प्लॅटफॉर्मची जाडी ठरवा. क्रेनची ऑर्डर सगळ्यात शेवटी.