सासू-सासऱ्यांचा उन्हाळा ओमाहात: ऑर्लँडोची सहल की घराजवळचे वार्षिक पास?

तुमचं पत्र थोडक्यात असं. नेब्रास्कातल्या ओमाहात तुम्ही चौघं राहता. मुलगी आठ वर्षांची, मुलगा तीन. मेच्या मध्यावर सासू-सासरे सांगलीहून पाच महिन्यांसाठी येताहेत. जूनमध्ये सगळ्यांना पाच दिवस ऑर्लँडोला, डिस्ने वर्ल्डला न्यायचं असं तुमच्या मिस्टरांच्या मनात आहे. खर्च अंदाजे ७,५०० डॉलर, तो क्रेडिट कार्डावर टाकून दीड वर्षात फेडायचा. तुम्हाला वाटतं, त्याऐवजी ओमाहातल्याच चार ठिकाणांचे वार्षिक पास काढावेत, १,२०० डॉलरमध्ये बसतील. त्यावर मिस्टरांचं उत्तर, "ओमाहात आहे काय? मका आणि सोयाबीन." बचत खात्यात ११,००० डॉलर आहेत, महिन्याचा खर्च ५,२००, आणि सगळं जाऊन ९०० उरतात. पगार एकच, तोही एच-वन-बी या नोकरीशी बांधलेल्या व्हिसावरचा.

ऑर्लँडो या वर्षी नको. पण चार पासही नकोत, दोन पुरेत.

आधी कार्डाचं बघू. तुमच्या कार्डाचा व्याजदर तुम्ही २२ टक्के लिहिलाय. ७,५०० डॉलर त्या दराने अठरा महिन्यांत फेडायचे तर हप्ता महिना ४९३ डॉलरच्या आसपास येतो आणि नुसतं व्याज जवळजवळ १,३७० डॉलर होतं. तुमच्या चारही पासांच्या बजेटपेक्षा ते जास्त आहे. शिवाय दीड वर्ष तुमच्या उरणाऱ्या ९०० मधले निम्म्याहून जास्त पैसे एका आठवड्याच्या आठवणीपोटी जात राहतील.

खरी अडचण मात्र व्याजाची नाही. एच-वन-बीवर नोकरी गेली तर देशात राहून दुसरी शोधायला किंवा व्हिसाचा दर्जा बदलून घ्यायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि आय-९४ वरची, म्हणजे देशात राहायची परवानगी दाखवणाऱ्या नोंदीवरची, तारीख त्याआधी संपत असेल तर तेवढेही नाहीत. तुमची ११,००० ची शिल्लक म्हणजे साधारण दोन महिन्यांचा खर्च. ते ६० दिवस कसेबसे निघतील. घराचा भाडेकरार मोडण्याचे पैसे, गाडी पडत्या भावात विकणं, सहा जणांची विमानाची तिकिटं, यांतलं काहीच त्यात बसत नाही. अमेरिकन नागरिक असलेल्या शेजाऱ्याला तीन महिन्यांच्या खर्चाचा आपत्कालीन निधी चालून जाईल. तुमच्यासाठी मी किमान चार महिने धरते, म्हणजे २०,८०० डॉलर. तिथे पोचायला ९,८०० कमी आहेत. अशा घराने नवं कर्ज काढून सहल करू नये, मग ती ऑर्लँडोची असो की हवाईची.

दुसरी गोष्ट तुमच्या पत्रात कुठेच नाही, म्हणून विचारते: सासू-सासऱ्यांचा विमा काढलाय का? सासरे ६८ वर्षांचे, त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, असं तुम्ही ओघात लिहिलंय. व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांना मेडिकेअर, म्हणजे इथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, मिळत नाही आणि इथल्या इमर्जन्सी रूममधली एक रात्र ऑर्लँडोच्या पूर्ण सहलीपेक्षा महाग पडू शकते. विमा घेताना प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कम देणारी स्वस्त पॉलिसी टाळा. हॉस्पिटलांच्या नेटवर्कसह व्यापक संरक्षण देणारी घ्या, आणि आधीपासून असलेल्या आजाराचा अचानक उद्भवलेला त्रास तिच्यात धरलाय का, कोणत्या वयापर्यंत आणि किती रकमेपर्यंत, ते कलम स्वतः वाचा. हा खर्च करमणुकीच्या बजेटमधून काढायचा नाही, त्याच्या आधी करायचा.

आता मका आणि सोयाबीन.

तुमच्या मिस्टरांबद्दल आदर ठेवून सांगते, ओमाहाला सहा जणांच्या कुटुंबासाठी जे आहे ते तिच्या आकाराच्या फार थोड्या शहरांना लाभलंय. हेन्री डोर्ली प्राणिसंग्रहालय बघायला लोक शेजारच्या राज्यांतून गाडी चालवत येतात. ॲक्रिलिकच्या तावदानांचा भलामोठा घुमट आहे, डेझर्ट डोम, २००२ साली उघडलेला. आत नामिब, ऑस्ट्रेलियाचा लाल मध्यभाग आणि सोनोरा अशी तीन वाळवंटं उभी केली आहेत, आणि त्याच्याच खाली रात्री जागणाऱ्या प्राण्यांचं अंधारं दालन. १९९२ पासूनचं लीड जंगल म्हणजे छपराखालचं वर्षावन आहे. मत्स्यालय वेगळं. पैशाच्या दृष्टीने यातलं महत्त्वाचं काय, तर ही तिन्ही दालनं बंदिस्त आहेत. ओमाहाच्या जानेवारीत, मैदानात पाऊल टाकवत नाही तेव्हा, दोन मुलांना घेऊन दोन तास उबेत घालवता येतात. सासू-सासरे ऑक्टोबरमध्ये परततील, पण पासाचा निम्मा फायदा त्यानंतर वसूल होईल. आशियाई विभागात एकशिंगी गेंडा आहे. आसामचा गेंडा नेब्रास्कात बघण्यात सासूबाईंना गंमत वाटेल असा माझा अंदाज.

जागा चढउताराची आहे. सासऱ्यांचे गुडघे कुरकुरत असतील तर सगळं एका दिवसात बघायचा हट्ट नको. तिकीट काढून गेलं की माणूस पैसे वसूल करायला संध्याकाळपर्यंत रखडतो. पास असला की मत्स्यालय बघून दीड तासात घरी जेवायला येता येतं. तीन वर्षांचं मूल आणि ६८ वर्षांचे आजोबा एकाच गाडीत असताना या सवलतीची किंमत मी तिकिटापेक्षाही जास्त लावेन.

दुसरा पास लॉरिट्झन गार्डन्सचा घ्या. सासू-सासरे नेमके बाग फुललेली असते त्या महिन्यांत इथे आहेत, आणि मुलांसाठी तिथे झाडोऱ्यातून फिरणाऱ्या छोट्या आगगाड्या आहेत. पण माझं खरं कारण वेगळं. सासरे मिरजेला रेल्वेत होते, असं तुम्ही लिहिलंय. ओमाहा युनियन पॅसिफिक रेल्वेचं मुख्यालय. या बागेला लागूनच टेकडीवर केनेफिक पार्क आहे. तिथे 'बिग बॉय' जातीचं वाफेचं इंजिन आणि 'सेंटेनियल' हे प्रचंड डिझेल इंजिन उघड्यावर उभी आहेत, आणि ती बघायला पैसे पडत नाहीत. बिग बॉय १९४१ ते १९४४ मध्ये फक्त २५ बांधली गेली, त्यातली आठ उरली आहेत. मिरज जंक्शनवर आयुष्य काढलेल्या माणसाला त्या टेकडीवरून खाली आणायला तुम्हाला हाका माराव्या लागतील. मग एखाद्या दिवशी डरहॅम म्युझियमला जा: १९३१ सालचं युनियन स्टेशन, आता संग्रहालय झालेलं, आत जुने डबे चढून बघता येतात. त्याचा पास नको, एकदाचं तिकीट पुरेल.

कीविट ल्युमिनेरियम, नदीकाठचं विज्ञान केंद्र, २०२३ मध्ये सुरू झालं. मुलीला आवडेल, पण पहिल्यांदा तिकीट काढूनच जा. तिने परत न्यायचा लकडा लावला तर पुढच्या वर्षी लॉरिट्झनच्या जागी हा पास घ्या. चिल्ड्रन्स म्युझियम तुमच्या यादीतून मी काढते, कारण मुलगी त्या वयातून बाहेर पडत आली आहे आणि एकट्या धाकट्यासाठी सहा जणांचं वर्षभराचं शुल्क भरण्यात अर्थ नाही.

फुकटातली ठिकाणं तुमच्या यादीत नव्हतीच, बहुधा त्यांना पास लागत नाही म्हणून. जॉस्लिन कलासंग्रहालयात नेहमीच्या दालनांना प्रवेश विनामूल्य आहे. २०२४ मध्ये नवा विस्तार होऊन ते पुन्हा उघडलं. जीन लेही मॉल (दुकानांचा नव्हे, ही सार्वजनिक बाग आहे) २०२२ मध्ये नव्याने बांधून झाला, घसरगुंड्यांसकट. तिथून नदीकडे गेलात की बॉब केरी पादचारी पूल, ३,००० फूट लांब. मधोमध नेब्रास्का संपून आयोवा सुरू होतं आणि सगळे एक पाय इकडे, एक तिकडे ठेवून फोटो काढतात. पोळीभाजीचा डबा नेला तर त्या संध्याकाळचा खर्च पेट्रोलइतकाच. प्रसिद्ध गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी १९५८ साली ३१,५०० डॉलरला घेतलेलं घर याच गावात आहे आणि रस्त्यावरून जाता जाता दिसतं. आर्थिक सल्लागार म्हणून ते मी सांगितलं नाही तर लोक रागावतील. मुलं मात्र गाडीतून उतरणार नाहीत.

पास घेताना पैसे कुठे गळतात ते आता नीट वाचा. फॅमिली मेंबरशिप म्हणजे बहुतेक ठिकाणी एकाच पत्त्यावरचे दोन नाव दिलेले प्रौढ आणि त्यांची मुलं. सासू-सासरे त्यात आपोआप येत नाहीत. साधा पास घेतलात तर दर खेपेला त्यांची दोन तिकिटं वेगळी काढावी लागतील आणि तुमचा सगळा हिशेब कोसळेल. म्हणून पाहुण्यांसकट वरच्या पायरीचा पास बघा. दोन पाहुणे चालतात का, आणि ते दर वेळी वेगळे असले तरी चालतात का, हे विचारा. मग साधा भागाकार करा: पाहुण्यांसकटचं वर्षाचं शुल्क भागिले तुम्हा सहा जणांचं एका दिवसाचं गेटवरचं तिकीट (ज्येष्ठांची सवलत धरून). उत्तर तीनच्या आत आलं तर पास घ्या. चारच्या वर गेलं तर प्रत्येक खेपेचं तिकीट काढलेलं बरं, कारण ज्या कुटुंबात शाळा, पोहण्याचा क्लास आणि शनिवारची वाण्याची खरेदी असते ते एका ठिकाणी वर्षात तीन-चारपेक्षा जास्त वेळा जात नाही, तोंडाने काहीही म्हणो.

पास एप्रिलमध्ये घेऊन ठेवू नका. सासू-सासरे आल्यावर पहिल्या भेटीच्या दिवशीच घ्या, म्हणजे बारा महिने तिथून मोजले जातील. अनेक ठिकाणी त्याच दिवशी काढलेल्या तिकिटाचे पैसे पासात वळते करून देतात. खिडकीवर विचारायला लाजू नका. जूनच्या मध्यावर कॉलेज वर्ल्ड सिरीजच्या बेसबॉल सामन्यांना गाव भरून जातं, त्या दिवसांत प्राणिसंग्रहालयाच्या वाटेला जाऊ नका.

मिस्टरांचा मुद्दा पूर्ण खोटा नाही. आई-वडील एवढ्या लांब येणार आणि त्यांना गावाबाहेरचं काहीच दाखवायचं नाही, हे मनाला लागतं. शिवाय सांगलीला परतल्यावर "काय काय बघितलंत?" या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं. त्यासाठी एक लांब वीकेंड मिझुरी राज्यातल्या सेंट लुईसला जा. गाडीने साडेसहा-सात तास, म्हणून दोन मुक्काम हवेतच. तिथलं प्राणिसंग्रहालय, कलासंग्रहालय आणि विज्ञान केंद्र यांना सर्वसाधारण प्रवेश विनामूल्य आहे, कारण १९७१ साली तिथल्या मतदारांनी या संस्थांसाठी मालमत्ता कराचा एक भाग बांधून दिला. ६३० फुटांची गेटवे आर्च आहे, फोटोला भारदस्त. आणि लॉरिट्झनचं कार्ड पाकिटात असू द्या. अमेरिकन हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या परस्पर-प्रवेश योजनेतल्या बागा एकमेकांच्या सभासदांना फुकट किंवा सवलतीत आत घेतात, सेंट लुईसच्या मिझुरी बोटॅनिकल गार्डनच्या खिडकीवर ते दाखवून बघा.

ऑर्लँडोही कायमचं रद्द करायचं कारण नाही. मुलगा तीनचा झाला म्हणजे डिस्नेत त्याचं तिकीट आता लागतं, पण बऱ्याच राइड्सना उंचीची अट असते आणि या वयात तो बाहेरच थांबेल. एकेका माणसाचं एका दिवसाचं तिकीट शंभर डॉलरच्या वर आहे. सहा तिकिटं काढायची आणि त्यांतल्या तिघांनी सावलीत बाकावर बसायचं, असा तो व्यवहार होईल. फ्लोरिडाच्या जूनमधलं ऊन आणि दुपारचा वादळी पाऊस वेगळाच.

उरणाऱ्या ९०० ची वाटणी मी अशी करेन. ५०० आपत्कालीन निधीत; वीस महिन्यांत तो चार महिन्यांच्या खर्चाला पोचतो. २५० एका वेगळ्या बचत खात्यात, नाव द्या 'ऑर्लँडो'. तीस महिन्यांत ७,५०० जमतात, व्याज वरून मिळतं, आणि मुलगा तेव्हा साडेपाचचा असेल. मुलगी दहाची झाल्यावर तिथे मोठ्यांचं तिकीट लागतं, तो फरक त्या व्याजातून निघावा. उरलेले १५० महिन्याच्या भटकंतीला. दोन पास आणि सेंट लुईस मिळून या उन्हाळ्यासाठी १,५०० डॉलरची मर्यादा घाला. ते पैसे मे येईपर्यंतच्या शिलकेतून बाजूला काढा, ११,००० ला हात लावू नका. पाचशे आणि अडीचशेची ही वाटणी त्यानंतर, जूनपासून सुरू करा.

मिस्टरांना कार्डाचा व्याजाचा आकडा दाखवा, पण सासू-सासऱ्यांसमोर नको. आणि दोन्ही पास घेताना आपोआप नूतनीकरणाचा चौकोन टिचकी मारून बंद करा. पुढच्या एप्रिलमध्ये किती वेळा गेलात ते मोजून मगच पुन्हा पैसे भरायचे की नाही ते ठरवा.