सर्व्हरवर ६० ब्लॉग, लोड ४०, पण सीपीयू रिकामा, असं का?

मुंबईतल्या डेटा सेंटरमधला ४ कोर, ८ जीबीचा सर्व्हर, सगळे वर्डप्रेस ब्लॉग, आणि गणपतीत गर्दी वाढली की लोड ४०. तर आधी रॅम बघा. लिनक्सच्या लोडमध्ये (चालू किंवा रांगेत असलेल्या प्रोसेसची सरासरी संख्या) डिस्कची वाट बघत अडकलेल्या प्रोसेसही मोजतात. 'व्हीएमस्टॅट १' (दर सेकंदाला मेमरी आणि सीपीयूची स्थिती दाखवणारी कमांड) चालवा. त्यातले 'एसआय', 'एसओ' हे रकाने सतत शून्याच्या वर असतील तर रॅम संपून स्वॅप (रॅमऐवजी डिस्क वापरणं) सुरू झालाय.

बहुतेकदा गोम पीएचपी-एफपीएममध्ये (वर्डप्रेसचा पीएचपी कोड चालवणाऱ्या प्रोसेस सांभाळणारा प्रोग्राम) निघते. एका वेळी जास्तीत जास्त किती प्रोसेस, ही 'मॅक्स चिल्ड्रन'ची मर्यादा प्रत्येक पूलला (इथे एका ब्लॉगच्या प्रोसेसचा गट) वेगळी लागू होते. ६० पूल, प्रत्येकी १०, म्हणजे ६०० प्रोसेस. एकेक ८० एमबीची धरली तर ४८ जीबी! मायएसक्यूएल आणि सिस्टिमला ४ जीबी सोडले की उरलेल्यात जेमतेम ५० बसतात. म्हणून पूलला ३-४ ठेवा, मोड 'ऑनडिमांड' (गरज पडली तरच प्रोसेस सुरू) करा आणि मुख्य कॉन्फिगमध्ये 'प्रोसेस मॅक्स' ५० लावा. ही एकूण मर्यादा फार जण विसरतात.

ॲक्सेस लॉगमध्ये लॉगिन पानावर किंवा एक्सएमएल-आरपीसीवर (बाहेरच्या ॲपना वर्डप्रेसशी जोडणारी सोय) 'पोस्ट' प्रकारच्या विनंत्यांचा मारा दिसला तर तो एनजिनएक्समध्येच (पीएचपीच्या आधी विनंती घेणारा वेब सर्व्हर) अडवा. प्लगइनने नको, त्यासाठी पीएचपी उठतंच.

वर्डप्रेसचा स्वतःचा क्रॉन (ठरलेल्या वेळी कामं चालवणारी सोय) बंद करून सिस्टिम क्रॉनवर दर १५ मिनिटांनी चालवा, पण ब्लॉग त्या १५ मिनिटांत वाटून द्या, मिनिटाला चार. नाहीतर साठही एकदम उठतील.