अवयव सिद्धांत (क्ष च्या जागी 'अ' घालून किंमत शून्य आली, तर क्ष − अ हा अवयव असतो) वापरताना २क्ष³ − ३क्ष² − ११क्ष + ६ मध्ये नेमकी कोणती संख्या घालून पाहायची?

शेवटच्या स्थिर पदाचे, म्हणजे ६ चे विभाजक घालून पाहा: ±१, ±२, ±३, ±६. कारण सरळ आहे. सहगुणक (पदांमधल्या क्ष च्या आधीच्या संख्या) पूर्णांक असतील आणि 'अ' हा पूर्णांक घालून किंमत शून्य येत असेल, तर बाकीच्या प्रत्येक पदात 'अ' असतोच, मग स्थिर पदालाही त्याने भाग जायलाच हवा. म्हणून ४ किंवा ५ वर वेळ घालवू नका.

सुरुवात १ पासून करा, तिथे नुसती सहगुणकांची बेरीज लागते: २ − ३ − ११ + ६ = −६, म्हणजे नाही. −१ ला १२ येतात, २ ला −१२. −२ ला −१६ − १२ + २२ + ६ = ०, सापडला! आता अवयव (क्ष + २) आहे, (क्ष − २) नव्हे. नागपुरात नववीच्या शिकवण्या घेतो, तिथे सर्वात जास्त गुण याच चिन्हावर जातात. पुढे अंदाज बंद करा आणि भागाकार करा: २क्ष² − ७क्ष + ३ उरते, त्याचे (२क्ष − १)(क्ष − ३).

एक मात्र ध्यानात ठेवा: सगळे विभाजक फसले म्हणजे अवयव नाहीत असं नाही. पहिला सहगुणक १ नसेल तर अपूर्णांकही तपासा. इथे १/२ घातला तरी शून्यच येतं. क्ष³ + क्ष + १ ला मात्र परिमेय संख्यांत अवयवच पडत नाहीत.