वडिलांची रायफल, आजोबांची काडतुसं

प्रश्न : पाटण तालुक्यात कोयना अभयारण्याला लागून आमचं गाव आहे. आजोबांनी घेतलेली .३१८ वेस्टली रिचर्ड्स रायफल पुढे वडिलांच्या परवान्यावर आली. वडील आठ महिन्यांपूर्वी वारले. रायफल आणि ११ जुनी काडतुसं घरातच आहेत. या बोअरची (नळीच्या मापाची) काडतुसं साताऱ्यात नाहीत, पुण्यातही मिळाली नाहीत. एक ओळखीचे गृहस्थ रिकाम्या पुंगळ्या (वापरलेल्या काडतुसांची कवचं) भरून देतो म्हणतात, दुसरे म्हणतात .३१५ ची चालतील. उसात रानडुकरं शिरतात. काय करावं?

उत्तर : काडतुसांचं नंतर पाहू. आधी ती रायफल घरातून हलली पाहिजे. परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराण्याच्या नव्हे. वडील गेले आणि घरातल्या कुणालाही ती बाळगायचा हक्क उरला नाही, त्या ११ काडतुसांचाही. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक किंवा काडतूस बाळगल्यास किमान दोन, कमाल पाच वर्षं कैद आहे. आठवण म्हणून ठेवली होती, हा बचाव होत नाही.

शस्त्र कायद्याच्या कलम २१ नुसार ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते. स्वतः उचलून मोटारसायकलवर घालून नेऊ नका. आधी ठाण्यात लेखी कळवा, मृत्यूचा दाखला आणि जुना परवाना दाखवा, मग ते सांगतील तसं करा. उशीर झाला आहे म्हणून घाबराल. पण आपण होऊन गेलेला माणूस आणि झडतीत सापडलेला माणूस यांत फार अंतर असतं. पोचपावतीवर रायफलचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या. जमा केल्याने तुमचा हक्क बुडत नाही: परवाना झाला की परत मिळते, नकोच असेल तर विकता येते. मात्र ठरलेल्या मुदतीत काहीच केलं नाही, तर ती सरकारजमा होऊ शकते.

वारस म्हणून परवान्याचा अर्ज साताऱ्याला जिल्हाधिकारी कार्यालयात करायचा. आई, भावंडं यांची ना-हरकत सोबत जोडा. एका भावाची सही राहिली म्हणून फाईल अडलेली मी पाहिली आहे. तुमच्या बाबतीत आणखी एक अडसर आहे, जो सल्ला देणारे सहसा विसरतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय देता येत नाही. तुमचं गाव कडेलाच आहे, तेव्हा वनखात्याकडे आताच विचारणा करा.

आता काडतुसं. .३१५ चालेल म्हणणाऱ्याचं अजिबात ऐकू नका. आकडे जवळचे दिसतात, पण .३१५ च्या पुंगळीच्या बुडाला बाहेर आलेली कड असते, .३१८ च्या नसते, आणि नावात .३१८ असलं तरी तिची गोळी खरी .३३० इंच जाडीची आहे. चुकीचं काडतूस घालणं म्हणजे डोळे-हात पणाला लावणं. पुंगळ्या भरून देणं कायद्याने काडतूस तयार करणंच ठरतं. त्याला शस्त्र कायद्याच्या कलम ५ खाली परवाना लागतो. नसेल तर किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप. परदेशातून पार्सल मागवायचं तर आयातीचा परवाना लागतो, आणि तो तुम्हाला मिळेल अशी आशा मी दाखवणार नाही.

एक कायदेशीर वाट मात्र आहे. जुन्या शिकारी घराण्यांत हाच बोअर कुणाच्या परवान्यावर असू शकतो. असा परवानाधारक स्वतःजवळची काडतुसं दुसऱ्या परवानाधारकाला विकू शकतो. मात्र त्याने आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवायचं आणि ४५ दिवस थांबायचं. तुमच्या परवान्यात तोच बोअर आणि काडतुसांची मर्यादा नोंदलेली हवी. इतकी जुनी काडतुसं डागण्याआधी परवानाधारक कारागिराला दाखवा.

राहिली डुकरं. परवाना हातात आला तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय त्यांच्यावर गोळी झाडता येत नाही. शस्त्र परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. उसाचं नुकसान दिसलं की त्याच दिवशी फोटो काढा, सातबारा घेऊन वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज द्या आणि पंचनामा करून घ्या. भरपाईची सोय आहे. पण पहिलं काम ठाण्यातलं, आणि ते उद्या सकाळीच करा.