आयफोन १३ ठेवावा की गॅलेक्सी एस२५ घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्यात राहता, २०२२ च्या दिवाळीत घेतलेला १२८ जीबीचा आयफोन १३ आहे. बॅटरी हेल्थ ७९ टक्के दाखवते, संध्याकाळी पाचलाच चार्जर शोधावा लागतो, फोन मध्येच अडखळतो, स्टोरेज भरल्याचा मेसेज सारखा येतो आणि मुलीच्या गॅदरिंगचे फोटो लांबून काढले की धूसर येतात. मित्र म्हणतोय, हे सगळं सोड आणि सरळ सॅमसंगचा गॅलेक्सी एस२५ घे.

माझं मत आधीच सांगतो. आधी बॅटरी बदला, महिनाभर फोन वापरून बघा आणि त्यानंतरही जी तक्रार उरेल तिच्यावरून नव्या फोनचं ठरवा. आत्ता सगळ्या तक्रारी एकत्र झाल्यामुळे फोनच गेल्यासारखा वाटतोय, पण त्यातल्या बहुतेकांचा इलाज एस२५ पेक्षा खूप स्वस्त आहे. माझा स्वतःचा फोन आयफोन १३ आहे आणि ऑफिसने दिलेला एस२५, दोन्ही रोज हातात असतात. दोन्ही मला आवडतात, त्यामुळे कुठल्या कंपनीची बाजू घ्यायचा प्रश्नच नाही.

बॅटरीचं बघू. ॲपल स्वतःच सांगतं की आयफोन १४ पर्यंतच्या मॉडेलची बॅटरी ५०० पूर्ण सायकलनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के उरेल अशा हिशोबाने बनवलेली आहे. आयफोन १५ पासून हा आकडा १००० झाला. सायकल म्हणजे एकदा चार्जिंगला लावणं नव्हे. आज साठ टक्के वापरली, उद्या चाळीस, की एक सायकल पूर्ण. तुमच्याइतक्या वापरात ७९ टक्के येणं अगदी नेहमीचं आहे, त्यात फोनमध्ये बिघाड काही नाही.

फोन अडखळण्याचं मूळही इथेच असू शकतं. लिथियम बॅटरी जुनी झाली की तिला एका झटक्यात जास्त करंट देणं जमत नाही. अशा वेळी फोन अचानक बंद पडू नये म्हणून आयओएस, म्हणजे आयफोन चालवणारं सॉफ्टवेअर, प्रोसेसरचा वेग थोडा आवरतं. २०१७ मध्ये यावरून मोठा गदारोळ झाला होता, तेव्हापासून ही माहिती ॲपलने सेटिंगमध्ये उघड दाखवायला सुरुवात केली. सेटिंग्जमध्ये बॅटरी, त्यात बॅटरी हेल्थ उघडा आणि टक्क्यांच्या खाली परफॉर्मन्सबद्दल काय लिहिलंय ते वाचा. बहुतेक जण टक्केच बघतात, पण कामाची ओळ ती खालची आहे.

बॅटरी मात्र कोपऱ्यावरच्या दुकानात बदलू नका. मूळ बॅटरी नसेल तर आयफोन तसा मेसेज दाखवतो, मग बॅटरी हेल्थच्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही, आणि पुढे विकताना तोच मेसेज भाव पाडतो. शिवाय फोन उघडला की कडेचं पाणी अडवणारं सील तुटतं. ते नीट बसवणारा माणूस हवा. अधिकृत सर्व्हिस सेंटर गाठा. पुण्यात कोरेगाव पार्कला सप्टेंबर २०२५ पासून ॲपलचं स्वतःचं स्टोअर आहे, पुण्याला फेरी होणारच असेल तर आधी वेळ घेऊन तिथेच काम उरकता येईल. खर्चाचा अंदाज ॲपलच्या साइटवर मॉडेल टाकलं की दिसतो. एस२५ च्या किमतीपुढे तो किरकोळ आहे.

स्टोरेजचा प्रश्न आपल्याकडे दहातल्या नऊ वेळा व्हॉट्सॲपचा असतो. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’ आणि त्यात ‘मॅनेज स्टोरेज’ उघडा. वरच दोन कप्पे दिसतील, अनेकदा फॉरवर्ड झालेले मेसेज आणि ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइल. वडिलांच्या फोनवर मी हे उघडलं तेव्हा लग्नाच्या आमंत्रणाचे व्हिडिओ, सणांच्या शुभेच्छा, कुठल्याशा आश्रमातली प्रवचनं यांनीच फोन भरला होता. घरच्यांचे म्हणून जपून ठेवावेत असे फोटो त्यात अगदी थोडे होते. ते बाजूला काढले आणि बाकीचं एका दमात पुसलं. तिथेच ‘चॅट्स’मध्ये ‘सेव्ह टू फोटोज’ बंद करा, नाहीतर तोच कचरा गॅलरीतही जमत राहतो. फोटो ॲपमध्ये ‘डुप्लिकेट्स’ नावाचा अल्बम आहे, तोही एकदा चाळून घ्या.

आता फोटो. ही तक्रार खरी आहे आणि ती कुठल्याही सेटिंगने जाणार नाही. आयफोन १३ ला मागे दोन कॅमेरे आहेत, एक साधा आणि एक जास्त रुंद दृश्य घेणारा. लांबचं जवळ आणणारी वेगळी लेन्स त्यात नाहीच. तुम्ही दोन बोटांनी तिप्पट झूम करता तेव्हा फोन सेन्सरचा मधला नवव्या हिश्श्याचा तुकडा कापतो आणि तोच मोठा करून दाखवतो. १२ मेगापिक्सलचा नववा हिस्सा म्हणजे जेमतेम सव्वा-दीड मेगापिक्सल. मुलगी स्टेजवर, तुम्ही हॉलच्या मागच्या रांगेत, मध्ये उभे राहून शूटिंग करणारे पालक. अशा फोटोत तिचा चेहरा ओळखू येतो, पण डोळ्यांतलं काजळ, कपाळावरची चंद्रकोर, नऊवारीचे काठ सगळं रंगाच्या फराट्यांत जातं. एस२५ मध्ये तिप्पट झूमची १० मेगापिक्सलची वेगळी लेन्स आहे. दिवसाउजेडी, शाळेच्या मैदानावर, खेळाच्या स्पर्धेत तिचा फरक कुणालाही सांगावा लागत नाही. फोटो शेजारी शेजारी ठेवले की दिसतो.

पण गॅदरिंग संध्याकाळी असतं, हॉलमध्ये असतं आणि मुलं नाचत असतात, इथे मित्राचं म्हणणं थोडं सैल पडतं. त्या झूम लेन्सचं छिद्र एफ/२.४ आहे, आयफोन १३ च्या मुख्य लेन्सचं एफ/१.६ (आकडा जितका मोठा, तितकं छिद्र लहान). म्हणजे झूमच्या लेन्सला उजेड मुळातच कमी मिळतो, आणि तिचा सेन्सरही लहान. मग फोन शटर जास्त वेळ उघडा ठेवतो आणि नाचणाऱ्या मुलीचे हात हललेले येतात. मी एस२५ वर असे फोटो काढलेत. स्टेजवरचे दिवे भरपूर असतील तर छान येतात, निळा-लाल अंधुक उजेड असेल तर अनेक फोटोंतून एखादा निवडावा लागतो. व्हिडिओत तर आयफोन १३ अजूनही भक्कम आहे. हात हलला तरी चित्र थरथरत नाही, आणि फोर-के रेकॉर्डिंग ६० फ्रेमपर्यंत होतं.

म्हणून माझं सांगणं आहे की मित्राचाच एस२५ एका कार्यक्रमाला मागून घ्या. एकाच खुर्चीवर बसून, एकाच नाचाचे, दोन्ही फोनवर फोटो काढा आणि घरी येऊन टीव्हीवर किंवा लॅपटॉपवर मोठे करून बघा. दुकानातल्या झगझगीत उजेडात काढलेल्या फोटोवरून या बाबतीत काहीच कळत नाही. आणि त्या रात्री तुम्हाला फरक मनापासून आवडला, तर तो फोन घ्यायला पुरेसं कारण आहे असंच मी म्हणेन. मुलगी चौथीत एकदाच असते. त्या फोटोंसाठी पैसे खर्च केले तर त्याला उधळपट्टी कुणी म्हणू नये.

बाकी फरकांपैकी रोज जाणवणारे दोन. एक म्हणजे स्क्रीन. एस२५ ची १२० हर्ट्झ, म्हणजे चित्र सेकंदाला १२० वेळा बदलतं, तुमची ६०. बोटाने वर-खाली सरकवताना एस२५ वर अक्षरं पळता पळताही वाचता येतात, आयफोन १३ वर ती थांबल्यावर वाचावी लागतात. दुसरं म्हणजे रॅम, म्हणजे चालू ॲप धरून ठेवणारी मेमरी, आयफोन १३ मध्ये ४ जीबी आणि एस२५ मध्ये १२. आयफोन १३ वर नकाशा चालू असताना कॅमेरा उघडला, मग दोन-तीन ॲप फिरून आलं, की ब्राउझरमधलं पान पुन्हा पहिल्यापासून लोड होतं. ऑनलाइन फॉर्म भरताना हे फार जाचतं. बॅटरी बदलून यात काही फरक पडणार नाही. प्रोसेसरचं म्हणाल तर तुमच्या फोनमधली ए१५ चिप अजून कुठेही कमी पडत नाही, आयफोन १४ सुद्धा त्याच चिपवर निघाला होता.

एआयसाठी बदलायचा विचार असेल तर तो डोक्यातून काढा. ॲपल इंटेलिजन्स, म्हणजे ॲपलचं स्वतःचं एआय, आयफोन १५ प्रोपासून पुढेच मिळतं, तुमच्या फोनवर ते येणार नाही हे खरं. पण गुगलचं जेमिनी हे एआय ॲप आयफोनवरही चालतं, त्याच्याशी मराठीत बोलता येतं, आणि तुम्हा-आम्हाला लागणारी बहुतेक कामं तेवढ्यात होतात.

अपडेटचा हिशोब सगळ्यांनी करावा असा आहे. आयफोन १३ आयओएस १५ घेऊन आला आणि आज आयओएस २६ त्यावर चालतं (मधले आकडे ॲपलने गाळले, १८ नंतर थेट २६). २०१८ चे आयफोन एक्सआर आणि एक्सएस आयओएस १२ पासून १८ पर्यंत, म्हणजे सात आवृत्त्या चालले. तुमचा फोन पाचव्या आवृत्तीवर आहे. तोच कित्ता राहिला तर अजून दोन मिळाव्यात, ॲपलने तसं वचन मात्र दिलेलं नाही. सॅमसंगने एस२५ ला सात वर्षांचे अपडेट लेखी दिलेत, तो जानेवारी २०२५ मध्ये आला, म्हणजे २०३२ पर्यंत. फोन पुढची पाच-सहा वर्षं बदलायचाच नाही असं ठरवून घेणार असाल, तर हा एस२५ च्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा आहे. दोन वर्षांनी पुन्हा मन बदलणार असेल तर त्याला अर्थ नाही.

पैशांबद्दल एवढंच. एस२५ ची २५६ जीबीची किंमत बाजारात आला तेव्हा ८०,९९९ होती, सेलमध्ये ती बरीच खाली येते, घाई करू नका. एक्सचेंजचा ऑनलाइन दिसणारा आकडा हा वरचा आकडा असतो. घरी आलेला माणूस स्क्रीनवरचा ओरखडा, बॅटरीचा मेसेज, कडेचा पोचा बघून तो खाली आणतो. तेव्हा जुन्या फोनचे इतके मिळतील असं धरून बजेट आखू नका. ‘नो-कॉस्ट ईएमआय’मध्येही व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि बँकेची प्रोसेसिंग फी तुमच्याच खिशातून जाते.

समजा महिन्याभराने एस२५ च घ्यायचं ठरलं, तर क्रम चुकवू नका, कारण यात लोकांचं खरं नुकसान होतं. आयफोनच्या व्हॉट्सॲपचा बॅकअप आयक्लाउडवर असतो आणि अँड्रॉइड तो वाचत नाही. चॅट हलवायचा खात्रीचा मार्ग म्हणजे केबल, आणि तेही नवा फोन पहिल्यांदा सुरू करतानाच. आयफोन १३ च्या डब्यात आलेली लाइटनिंग ते यूएसबी-सी केबल त्यासाठी चालते. एस२५ च्या सेटअपमध्ये स्मार्ट स्विच (जुन्या फोनमधलं सगळं नव्यात आणणारं सॅमसंगचं ॲप) विचारेल, केबल जोडा, आणि क्यूआर कोड आला की तो आयफोनने स्कॅन करा. ‘नंतर करू’ म्हणून पुढे गेलात तर नवा फोन पुन्हा रिसेट करावा लागू शकतो. सिम काढण्याआधी आयफोनवर आयमेसेज आणि फेसटाइम बंद करा, नाहीतर आयफोनवाल्यांचे मेसेज तुमच्यापर्यंत पोचणार नाहीत. ॲपल वॉच असेल तर ते अँड्रॉइडवर चालतच नाही, हेही आधी धरून चाला.

यूपीआय नव्या फोनवर पुन्हा नोंदवावं लागतं. त्यासाठी बँकेत नोंदवलेल्या सिमवरूनच एसएमएस जातो, त्यामुळे दोन सिम असतील तर योग्य सिम निवडा आणि त्यात रिचार्ज असल्याची खात्री करा. सुरुवातीला पाठवायच्या रकमेवर मर्यादा असते, तेव्हा शाळेची फी किंवा घराचा हप्ता भरायच्या दिवशी फोन बदलू नका. जुना आयफोन कुणाला देण्याआधी ‘फाइंड माय’ (हरवलेला फोन शोधायची सोय) बंद करून ॲपल आयडीतून बाहेर पडा आणि मगच फोन पुसा. त्याआधी आठवडाभर तो घरातच ठेवा, कारण एखाद्या बँकेच्या ॲपचा ओटीपी किंवा नोट्समध्ये लिहून ठेवलेला पॉलिसी नंबर हटकून त्याच आठवड्यात लागतो.